गालातली कळ की जबड्याचा ठणका? दाढ काढण्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमानं

चेहऱ्याच्या एका बाजूला कळ येते. ती दाढेतून आल्यासारखी वाटते, म्हणून माणूस दातांच्या दवाखान्यात जाऊन बसतो. आधी रूट कॅनाल होतं. कळ थांबत नाही, म्हणून ती दाढ निघते. काही दिवस बरे जातात आणि कळ शेजारच्या दाढेत येते, मग तीही निघते. दोन-तीन चांगल्या दाढा गेल्यावर कुणीतरी विचारतं, ‘मेंदूच्या डॉक्टरला दाखवलंय का?’ कोल्हापूरच्या राजारामपुरीत असो नाहीतर राधानगरीकडच्या खेड्यात, क्रम हाच. इथं तो बदलायचा आहे.

गोंधळ दोन दुखण्यांचा आहे. एक शिरेचं, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया: चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या पाचव्या मज्जातंतूची कळ. दुसरं जबड्याचं, म्हणजे कानापुढचा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांचं. दोन्हींचे उपाय एकमेकांना चालत नाहीत. जबड्याला शेक, चोळणं आणि व्यायाम लागतो. शिरेच्या कळेत त्याच गालाला बोट लावलं तरी माणूस कळवळतो. म्हणून ओळख आधी, उपाय नंतर. खाली औषधांची मात्रा जिथं लिहिली आहे तिथं ती फक्त अंदाज यावा म्हणून आहे. तुमची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवणार.

## 1. दुखणं कोणतं, ते आधी ओळखा

शिरेची कळ अशी असते: अचानक, करंट बसल्यासारखी, एकाच बाजूला. एकेक झटका क्षणभर ते फार तर दोन मिनिटं टिकतो, पण असे झटके एकामागून एक येऊ शकतात. बहुतेकांची कळ गाल, वरचा जबडा, खालचा जबडा किंवा हनुवटीत असते. फक्त कपाळात आणि डोळ्याभोवती क्वचित. खरी खूण म्हणजे ती छेडली जाते. दात घासणं, चूळ भरणं, दाढी करणं, घास चावणं, बोलणं, नाकाशेजारी हात लागणं, गाडीवर गार वारा लागणं, एवढंही पुरतं. दोन झटक्यांच्या मधे बऱ्याच जणांना काहीच दुखत नाही. झोपेत ही कळ सहसा उठवत नाही. पन्नाशीनंतर आणि पुरुषांपेक्षा बायकांत ती जास्त दिसते.

जबड्याचं दुखणं वेगळं. ते तासन्‌तास रेंगाळतं. ठणका कानापुढं, गालाच्या मागच्या भागात, कधी कानशिलात आणि मानेत. सकाळी उठल्यावर जबडा जड किंवा आखडलेला. तोंड उघडताना ‘कट’ असा आवाज, कधी जबडा एका बाजूला सरकतो, कधी अडकतो. कानापुढं बोट दाबलं की दुखतं, पण नुसत्या स्पर्शानं किंवा वाऱ्यानं झटका बसत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती शेजारी झोपणाऱ्याला विचारा. स्वतःला कळत नाही.

दाढेचं दुखणं याहून निराळं. गरम-गार लागलं की ठणका सुरू होतो आणि काही वेळ राहतो, ठरावीक दातावर दाब दिला की दुखतं, रात्री वाढतं, हिरडी सुजते. सायनसचं दुखणं खाली वाकल्यावर वाढतं आणि नाक चोंदलेलं असतं.

शिरेचं आणि जबड्याचं दुखणं एकत्रही असतं. शिरेच्या कळेच्या धास्तीनं माणूस दिवसभर दात आवळून बसतो, मग स्नायूही दुखायला लागतात. अशा वेळी ‘माझं दुखणं चोवीस तास आहे’ असं सांगितलं जातं आणि मूळ झटके झाकले जातात.

तपासणी, घरच्या घरी: अंगठ्याशेजारची तीन बोटं जुळवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन गेली तर तोंड नीट उघडतं. दोनही जात नसतील तर सांधा अडकलाय किंवा गाल आतून आवळलाय. मावा, गुटखा, सुपारी खाणाऱ्यानं हे हसण्यावारी नेऊ नये. तिखट लागलं की तोंड जळणं, गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ होणं आणि तोंड कमी उघडणं, हे सुपारीनं होणारं फायब्रोसिस असतं. त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवा, सुपारी आजच थांबवा आणि तोंडाच्या डॉक्टरांना दाखवा.

### थांबा: यातलं काही असेल तर घरी थांबू नका

- जबडा दुखतोय, सोबत छातीत दाब, घाम, धाप, किंवा जिना चढताना दुखून थांबलं की कमी होतंय: हृदयाचं असू शकतं. लगेच इमर्जन्सी.
- वय पन्नाशीपुढं, चावताना जबडा भरून येतो आणि थांबलं की सुटतो, डोक्याची कातडी विंचरतानाही दुखते, नजर अंधुक होते: डोक्याच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. उशीर झाला तर दृष्टी जाते. त्याच दिवशी दाखवा.
- जबड्याखाली कडक सूज, ताप, गिळता येत नाही: संसर्ग मानेत उतरतोय. लगेच दवाखाना.
- चेहऱ्यावर फोडांची रांग: नागीण. गेरू लावत बसू नका. विषाणूवरचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर फायदा जास्त.
- गाल बधिर होणं, तोंड वाकडं होणं, एका कानानं कमी ऐकू येणं, दोन्ही बाजूंना कळ, किंवा चाळिशीच्या आत सुरू झालेली झटक्यांची कळ: एमआरआय लांबणीवर टाकू नका. मेंदूतली गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार) अशी कारणं आधी वगळावी लागतात.

## 2. दोन आठवडे वही ठेवा

डॉक्टर तुमच्यासमोर दहा मिनिटं बसणार. त्या दहा मिनिटांत कळ येईलच असं नाही, आणि शिरेच्या कळेचं निदान मुख्यतः तुमच्या सांगण्यावरच होतं. एमआरआय कारण शोधतो. दुखणं कोणतं हे रुग्णाच्या तोंडून कळतं. म्हणून वही. शाळेची साधी चौकोनी वही चालते, मोबाईलवर लिहिलं तरी चालतं.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: वेळ, नेमकी जागा, किती टिकलं, कशानं सुरू झालं, कशानं थांबलं. उदाहरणार्थ:

‘सकाळी 7. उजवा वरचा ओठ ते नाकाची बाजू. दहा सेकंद, चार वेळा. चूळ भरताना. आपोआप थांबलं.’

‘रात्री 10. उजव्या कानापुढं. दोन तास ठणका. जेवताना मटण चावल्यावर. शेकल्यावर कमी.’

या दोन नोंदी एकाच माणसाच्या असू शकतात आणि त्या दोन वेगळ्या दुखण्यांच्या आहेत. ‘दिवसभर डोकं उठलंय, काही सुचत नाही’ ही नोंद खरी असली तरी डॉक्टरांच्या उपयोगाची नाही. बोलताना किंवा जेवताना कळ येते तेव्हाचा चेहरा घरच्यांनी मोबाईलवर टिपून ठेवला तर तोही दाखवा.

चूक: वहीत फक्त दुखण्याचे दिवस लिहिणं. न दुखलेले दिवसही लिहा. शिरेची कळ महिनोन्‌महिने गप्प बसते आणि परत येते. त्या गप्प काळात जे काही केलं असेल, काढा, लेप, ताईत, काढलेली दाढ, त्याला श्रेय मिळतं. गावोगावी ‘अमक्याकडं गेलो आणि थांबलं’ अशा ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच अशाच.

## 3. कुणाकडं, कोणत्या क्रमानं

पहिली भेट दातांच्या डॉक्टरांचीच, पण एक प्रश्न घेऊन: ‘या दुखण्याला दातातलं कारण दिसतंय का?’ पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढून घ्या आणि त्याची फिल्म किंवा फाईल जवळ ठेवा. एक्स-रेत आणि तपासणीत कारण दिसत असेल तर दाताचा उपचार करा. दिसत नसेल, तर ‘काढून बघू’ ला नाही म्हणा. चांगला डेंटिस्ट स्वतःच थांबवतो.

इथं एक फसवी गोष्ट घडते. हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं की शिरेची कळसुद्धा तेवढ्यापुरती थांबू शकते, कारण ती छेडणारी जागाच बधिर होते. ‘भूल दिल्यावर थांबलं, म्हणजे दाढच’ हा निष्कर्ष घाईचा.

झटक्यांची कळ असेल तर पुढची पायरी न्यूरोलॉजिस्ट, किंवा ते लगेच मिळत नसतील तर एमडी मेडिसिन. औषध तेही सुरू करू शकतात. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जाणार असाल तर सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करा. खाजगीत न्यूरोलॉजिस्ट कोल्हापुरात आहेत, मिरजेतही आहेत. नुसता जबड्याचा प्रश्न असेल तर तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ, म्हणजे ओरल सर्जन, किंवा डेंटल कॉलेजची ओपीडी बरी.

सोबत न्यायचं: वही, ओपीजी, आधीचे सगळे केसपेपर, आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटं. ‘बीपीची एक पांढरी गोळी’ असं सांगून भागत नाही. नाव का लागतं ते पुढच्या पायरीत येईल.

एमआरआय सांगितला तर चिठ्ठीवर ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी’ असं लिहिलेलं आहे का बघा. नुसत्या साध्या मेंदूच्या एमआरआयमध्ये शीर आणि तिला टेकलेली रक्तवाहिनी नीट दिसेलच असं नाही. त्यासाठी बारीक कापांचा वेगळा भाग घ्यावा लागतो. सेंटरवाल्याला आधी कळलं तर दुसऱ्यांदा पैसे भरावे लागत नाहीत. रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ आलं तरी दुखणं खोटं ठरत नाही.

## 4. गोळी सुरू करताना

शिरेच्या कळेचं पहिलं औषध कार्बामाझेपिन. टेग्रिटॉल, मॅझेटॉल, झेप्टॉल ही त्याचीच दुकानातली नावं. ही मूळची फिट्सवरची गोळी, म्हणून पाकीट बघून घरचे घाबरतात. घाबरू नका, तुम्हाला फिट्सचा आजार आहे असा त्याचा अर्थ नाही. ती चिडलेल्या शिरेतले झटके कमी करते. ऑक्सकार्बाझेपिन हा तिचा जवळचा पर्याय. यांतून त्रास झाला किंवा पुरलं नाही तर बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन, गाबापेंटिन, प्रेगाबालिन यांपैकी काही दिलं जातं.

साध्या वेदनाशामक गोळ्या या कळेवर जवळपास निकामी आहेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा मेडिकलवाल्यानं दिलेली ‘जोड गोळी’ रोज खात राहिलं तर पोट आणि किडनी बिघडतात, कळ तिथंच राहते. जबड्याच्या दुखण्यात मात्र त्या थोड्या दिवसांसाठी कामाला येतात. ओळख आधी का करायची, याचं हे एक रोकडं कारण.

सुरू करण्याआधी विचारा:

1. रक्त कधी तपासायचं? रक्तपेशी, लिव्हर आणि सोडियम सुरुवातीला आणि मग अधूनमधून बघावं लागतं. वयस्कर माणूस, त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू, म्हणजे सोडियम उतरण्याची भीती जास्त. गोंधळल्यासारखं होणं, मळमळ, तोल जाणं ही त्याची लक्षणं. ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका.
2. एचएलए-बी 1502 ही रक्तचाचणी मला करायची का? काही लोकांत या गोळीनं कातडी सोलणारी गंभीर रिअ‍ॅक्शन येते. तिचा धोका आधी ओळखण्यासाठी ही चाचणी आहे.
3. माझ्या इतर गोळ्यांशी पटतं का? बीपीसाठीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, बुरशीवरची फ्लुकोनाझोल, अँटिबायोटिकपैकी एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांनी कार्बामाझेपिन रक्तात वाढतं. उलट रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि गर्भनिरोधक गोळ्या तिच्यामुळं कमकुवत पडतात.
4. मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील तर? हे पहिल्याच भेटीत सांगा. गर्भाला धोका असतो, आणि मनानं बंद करण्यातही असतो.

मात्रा कमीपासून वाढवत नेतात. बहुधा 100 मिलिग्रॅम दिवसातून एक-दोनदा, मग दर काही दिवसांनी थोडी वाढ. बऱ्याच जणांना दिवसाला 400 ते 800 मिलिग्रॅमवर आराम पडतो. पहिले काही दिवस गुंगी आणि चक्कर येते. त्या दिवसांत गाडी चालवू नका, जिन्यात कठडा धरा, दारू वर्ज्य. सीआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी गोळी चुरून किंवा चावून खायची नाही.

### नेहमीच्या चुका

दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडणं. मात्रा वाढवतच नेलेली नसते आणि ‘ती गोळी मला लागू पडली नाही’ असा शिक्का बसतो.

कळ थांबली म्हणून एका दिवसात बंद करणं. कळ दुपटीनं येऊ शकते, क्वचित फिटही येते. महिनाभर किंवा अधिक शांत गेल्यावर डॉक्टरच मात्रा हळूहळू उतरवतात.

कळ जास्त आली की आपल्या मनानं दोन गोळ्या जादा घेणं. झटका काही सेकंदांचा. तो गेल्यावर घेतलेली जादा गोळी फक्त तोल घालवते.

एक अपवाद आहे. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, लाल डोळे यांतलं काही, विशेषतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसलं, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. पाकीट सोबत न्या.

## 5. जबड्याची घरची देखभाल

हा भाग जबड्याच्या दुखण्यासाठी. गालाला स्पर्श झाल्यावर झटका बसत असेल तर यातला शेक आणि चोळणं तुमच्यासाठी नाही.

सगळ्यात आधी दातांची बैठक. गप्प असताना ओठ मिटलेले, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटे असायला हवेत. दात फक्त चावताना आणि गिळताना भेटतात. हे वाचताना तुमचे दात टेकलेले असतील तर आत्ताच सोडा. ‘ना’ म्हणताना जीभ वरच्या दातांमागं जिथं टेकते, तिथं ती हलकेच ठेवा. दात आपोआप सुटतात. मोबाईलवर तासातासाला गजर लावून हे तपासा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते या पूर्ण यादीत सर्वांत जास्त फरक यानंच पडतो, आणि सर्वांत आधी सोडलं जातं तेही हेच.

मग हा क्रम:

1. शेक. गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा कानापुढं पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. मधुमेहानं संवेदना कमी असेल तर आधी हाताच्या मनगटावर धरून बघा. नुकताच लचका बसला असेल तर पहिले एक-दोन दिवस गार.
2. चोळणं. दात आवळल्यावर गालावर जो स्नायू फुगतो, तो शोधा. दात सोडा. दोन बोटांनी हलक्या गोल हालचाली, मिनिटभर.
3. व्यायाम. जीभ टाळूला लावून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड सावकाश उघडायचं, मिटायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. आरशासमोर करा म्हणजे जबडा सरळ उघडतोय की बाजूला, ते दिसेल. दुखेपर्यंत ताणायचं नाही.
4. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

बंद करायचं: सुपारी, मावा, च्युइंगगम, नखं खाणं, दातानं ऊस सोलणं, खांदा आणि कान यांच्यात मोबाईल धरून बोलणं, गालाखाली हात घेऊन पालथं झोपणं. मोठा वडापाव तोडून खा, जबडा वासून नाही. चावताना दोन्ही बाजू वापरा. एकाच बाजूनं चावायची सवय दुखणं वाढवते.

रात्री दात खात असाल तर डेंटिस्ट तुमच्या दाताच्या मापानं प्लेट बनवून देतात. ती मापाचीच हवी. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात बुडवून चावायची प्लेट कायमचा उपाय समजू नका. आणि जबडा दुखतो म्हणून ‘दात घासून चावा बसवू’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका. घासलेला दात परत येत नाही.

हे सगळं चार-सहा आठवडे नेमानं करून मग फरक मोजा. नुसता ‘कट’ आवाज येतो पण दुखत नाही आणि अडकत नाही, तर त्याच्यामागं लागायची गरज नाही.

जबडा उघडाच अडकला तर गल्लीतल्या कुणाला धक्का मारून बसवू देऊ नका. थेट कॅज्युअल्टी.

## 6. कळेसोबत दिवस कसा मांडायचा

दात घासणं. भीतीनं लोक दात घासायचंच सोडतात. मग खरोखर कीड लागते, आणि दोन्ही दुखणी एकमेकांत मिसळतात. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, पाणी कोमट, सुरुवात न दुखणाऱ्या बाजूनं. सकाळीच घासले पाहिजेत असा नियम नाही; वहीत जी वेळ शांत दिसते ती निवडा. मिसरी बंद. तंबाखूचा अपाय आहेच, वर बोटानं हिरड्या चोळणं हेच अनेकींच्या कळेचं निमित्त असतं.

जेवण. कोल्हापुरात ‘मऊ खा’ म्हटलं की माणूस खचतो. एवढं अवघड नाही. पांढरा रस्सा कोमट करून पिता येतो. मटणाऐवजी खिमा. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून. कण्या-ताक, आंबील, मुगाची मऊ खिचडी. मिसळही सोडावी लागत नाही. फरसाण कटात पुरतं भिजू द्या आणि पावाचा मऊ भाग घ्या. भडंग, फुटाणे, भाजक्या शेंगा मात्र वाईट दिवसांत नकोत. तिखटानं काहींची कळ उसळते, काहींना काही होत नाही. स्वतःच्या वहीत बघून ठरवा, उगाच जन्मभर फिकं खाऊ नका. फार गरम आणि बर्फासारखं गार दोन्ही टाळा. झटका येऊन गेल्यावर थोडा वेळ ती जागा गप्प असते; अनेक जण तेवढ्यात चार घास उरकतात. मुख्य जेवण दिवसाच्या शांत वेळेत घ्या.

तपासणी: दर पंधरवड्याला वजन करा, त्याच काट्यावर. सारखं उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळीची मात्रा अपुरी असल्याचं ते लक्षण असू शकतं.

वारा आणि गाडी. पन्हाळ्यावरचा वारा किंवा थंडीतल्या सकाळी रंकाळ्यावरचा फेरफटका चांगल्या दिवसासाठी ठेवा. दुचाकीवर पूर्ण तोंड झाकणारं, काच असलेलं हेल्मेट बरं, पण ते घालताना-काढताना गालाला घासतं. आत मऊ सुती फडका लावा. स्कार्फ घट्ट आवळला की तोच कळ छेडतो. सैल बांधा, गाठ न दुखणाऱ्या बाजूला. एसटीत आणि केएमटीत दुखरी बाजू खिडकीकडं येणार नाही अशी जागा धरा. रात्री पंख्याचा झोत थेट तोंडावर नको.

दाढी. ब्लेडऐवजी ट्रिमर, किंवा काही महिने दाढी राखा. सलूनमध्ये जात असाल तर गाल थोपटायचा नाही, मालिश नको, हे खुर्चीत बसण्याआधीच सांगा.

बोलणं. शिक्षक, दुकानदार, कंडक्टर यांची खरी अडचण इथं आहे. लांब बोलणं तुकड्यांत करा, फोनऐवजी मेसेज. कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह एकदाच नीट सांगा. बाहेरून काही दिसत नसल्यानं लोकांना हे नाटक वाटतं. घरच्यांसाठीही एक सूचना: झटका आला की ‘काय झालं, काय झालं’ विचारत गालाला हात लावू नका. उत्तर द्यायला बोलावं लागतं, आणि बोललं की पुढचा झटका. शेजारी नुसतं थांबा.

काही महिने अशी कळ सोसल्यावर जीव नकोसा होतो, असं अनेक रुग्ण सांगतात. तसा विचार आला तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मात्रा वाढवणं किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार तातडीनं होतो. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मोफत बोलता येतं.

## 7. दातांचं काम खरंच निघालं तर

कीड खरी असेल तर उपचार टाळू नका. फक्त वेळ निवडा: कळ गप्प असलेला काळ, किंवा गोळीची मात्रा बसल्यानंतर. डेंटिस्टना आधीच चार गोष्टी सांगा: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे, कार्बामाझेपिन चालू आहे, कळ कोणत्या जागेवर छेडली जाते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन द्यायचं असेल तर आधी माझ्या डॉक्टरांशी बोला. काम दुपारच्या जेवणाआधी उरकेल असं बघा, सकाळची गोळी चुकवू नका. जबडाही दुखत असेल तर तोंड सलग उघडं ठेवू नका. दर काही मिनिटांनी मिटायला वेळ मागा.

## 8. गोळी पुरेना झाली तर

गोळ्यांची मात्रा वाढवून माणूस दिवसभर पेंगतोय आणि कळ तरी येतेय, किंवा रक्त तपासणी बिघडतेय, तर न्यूरोसर्जनचा सल्ला घ्यायची वेळ झाली. शेवटचा उपाय म्हणून वर्षानुवर्षं थांबायची गरज नसते.

बऱ्याच जणांत मेंदूच्या तळाशी एक रक्तवाहिनी या शिरेला टेकलेली असते. कानामागून छोटी खिडकी पाडून ती बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. याला मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन म्हणतात. अनुभवी हातांत दहापैकी सात-आठ जणांची कळ पुढची कित्येक वर्षं बंद राहते. ही मेंदूची मोठी शस्त्रक्रिया आहे. ऐकू कमी येणं, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, बधिरपणा हे धोके त्यात आहेत. वय किंवा प्रकृतीमुळं ती झेपणार नसेल तर सुईनं शीर तापवणं, ग्लिसरॉल सोडणं, फुग्यानं दाबणं किंवा गॅमा नाईफ, म्हणजे चिरफाड न करता किरणांनी केलेला उपचार. सुईच्या उपायांनी आराम लवकर पडतो, पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी कळ परतू शकते. गॅमा नाईफचा परिणाम दिसायला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर गोळ्या चालूच.

सर्जनना विचारा: माझ्या एमआरआयमध्ये रक्तवाहिनी टेकलेली दिसते का? ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती केल्यात? बधिरपणा किती आणि किती दिवस? परत कळ आली तर पुढं काय? जबड्याचंही दुखणं असेल तर तेही सांगा, कारण शस्त्रक्रियेनं ते जाणार नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. रेशन कार्ड, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन जा. योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. पुणे-मुंबईला जायचं ठरलं तर एमआरआयची सीडीच न्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर सर्जन निर्णय घेत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर कळ थांबली तरी गोळी त्याच दिवशी बंद होत नाही, उतरवत नेतात. गाल बधिर झाला असेल तर चहा आधी बोटाला लावून बघा आणि जेवणानंतर आरशात तोंड तपासा, गाल चावला गेलेला कळत नाही. बधिरपणा डोळ्यापर्यंत गेला असेल तर डोळ्यात कचरा गेलेलाही कळणार नाही. गाडीवर चष्मा लावा, आणि डोळा लाल दिसला तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा.